शून्ये पुसलेल्या देशांच्या नोटा आणि आपले कपाट

उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूर या पट्ट्यातल्या घरात परदेशी नोट सापडली तर त्यात नवल काही नाही. फाळणीनंतर कल्याणच्या लष्करी छावणीत येऊन वसलेल्या सिंधी कुटुंबांचे नातेवाईक व्यापारानिमित्त हाँगकाँग, लागोस, जकार्तापर्यंत पसरले आहेत, आणि अंबरनाथ-बदलापूरच्या सोसायट्यांतून आखातात नोकरीला गेलेली माणसेही पुष्कळ आहेत. कुणी आठवण म्हणून आणलेली, कुणाच्या खिशात उरलेली अशी एखादी नोट कपाटाच्या खणात पडून राहते. अलीकडे अशा नोटा घरात यायला आणखी एक वाट झाली आहे, ती मोबाइलवरून. ‘इराकी दिनार आज घ्या, शून्ये निघाली की कोट्यधीश व्हा’, ‘झिंबाब्वेची अस्सल शंभर ट्रिलियनची नोट, साठा मर्यादित’ अशा थाटाचे निरोप फिरत असतात. ज्यांच्याकडे अशी नोट आहे किंवा जे ती घ्यायच्या विचारात आहेत, त्यांच्यासाठी हे लिहितो आहे. माझे म्हणणे असे की, महागाईने चलन कोसळल्यावर जी नवी नोट येते तिची किंमत तिच्यावरच्या आकड्यात नसते, आणि तिच्या पाठीशी ठेवल्याचे सांगितलेल्या सोन्यात किंवा जमिनीतही फारशी नसते. नोट काढणारा आणखी नोटा काढताना हात कुठे आखडणार आणि काढलेली नोट परत घ्यायला तो कोणत्या तारखेपर्यंत बांधील आहे, या दोन गोष्टींवर सगळे अवलंबून असते. हे दोन प्रश्न विचारले की काय विकायचे, काय जपायचे आणि कशाला हातही लावायचा नाही, हे बरेचसे उलगडते.

या विषयातले सर्वात स्वच्छ उदाहरण जर्मनीचे आहे. पहिल्या महायुद्धानंतर तिथे सरकारी खर्च नोटा छापून भागवला जाऊ लागला आणि नोव्हेंबर १९२३ मध्ये एका डॉलरला ४ लाख २० हजार कोटी मार्क मोजावे लागत होते. १५ नोव्हेंबर १९२३ रोजी ‘रेंटेनमार्क’ नावाची नवी नोट आली. एक रेंटेनमार्क म्हणजे एक लाख कोटी जुने मार्क, आणि ४.२० रेंटेनमार्क म्हणजे एक डॉलर, म्हणजे युद्धापूर्वीचाच जुना दर. अर्थमंत्री हान्स लुथर आणि चलन आयुक्त ह्यालमार शाख्त यांच्या काळात हे घडले. लोकांना सांगितले गेले ते असे की, या नोटेच्या पाठीशी देशभरच्या शेतजमिनीवर आणि उद्योगांवर चढवलेला बोजा आहे. ऐकायला भक्कम वाटते. पण नोट घेऊन गेलेल्या माणसाला कुणी एकर-दोन एकर शेत काढून देणार नव्हते. मिळण्यासारखा होता तो फक्त एक व्याज देणारा रोखा. मग लोकांनी ती नोट स्वीकारली आणि दर टिकला तो कशामुळे? एकूण किती रेंटेनमार्क काढायचे यावर ३२० कोटींची मर्यादा घातली होती, सरकारला मिळणारे कर्ज १२० कोटींवर थांबवले होते, आणि त्याच वेळी जर्मन मध्यवर्ती बँकेने सरकारच्या हुंड्या वटवणे बंद केले होते. डिसेंबरमध्ये सरकारने वाढीव कर्ज मागितले तेव्हा ही नोट काढणाऱ्या रेंटेनबँकेने ते नाकारले. तो नकार हाच त्या नोटेचा खरा आधार होता, असे मला वाटते. नोटेचा कागद, तिच्यावरचे चित्र, गहाणाची भाषा यांनी लोकांना थोडा धीर दिला असेल; काम केले ते मर्यादेने.

यावर पहिला आक्षेप येतो तो सोन्याचा. जमिनीचे सोडा, पण पाठीशी खरोखर सोने असेल तर नोट पक्की नाही का? आपल्याकडे सोन्यावरचा विश्वास इतका खोल आहे की हा प्रश्न साहजिक आहे. त्याचे उत्तर फार मागे न जाता मिळते. झिंबाब्वेने एप्रिल २०२४ मध्ये ‘झिग’ हे नवे चलन आणले, नावातच सोने. सुमारे अडीच टन सोने आणि १० कोटी डॉलरची गंगाजळी त्याच्या पाठीशी असल्याचे तिथल्या रिझर्व्ह बँकेने जाहीर केले. सुरुवातीचा दर डॉलरला १३.५६ झिग होता. सप्टेंबर संपायच्या आत त्याच बँकेने त्याचे एका फटक्यात ४३ टक्के अवमूल्यन केले आणि दर २४ च्या पुढे गेला. तिजोरीतले सोने जागेवरच होते. घसरला तो विश्वास. उलट बाजूचा पुरावा आपल्या खिशात आहे. रिझर्व्ह बँकेच्या कायद्याप्रमाणे नोटांच्या पाठीशी किमान २०० कोटी रुपयांचे सोने आणि परकीय रोखे असले की पुरते, त्यात सोने किमान ११५ कोटींचे. ही तरतूद १९५७ सालची आहे. आज प्रत्यक्षात त्याहून कितीतरी जास्त साठा आहे, पण कायद्याची अट एवढीच. पाठीशी सोने किती, यावरच नोटेचे भवितव्य ठरत असते तर रुपया केव्हाच बुडाला असता. तेव्हा ‘गोल्ड बॅक्ड’ हे शब्द ऐकून खिशात हात घालू नये. सोने किती आहे यापेक्षा ते दाखवून कोण किती नोटा काढणार आहे, हे विचारावे.

आता इराकी दिनाराकडे येऊ, कारण ओळखीतून, भिशीतून, नातेवाइकांतून गळी उतरवला जाणारा माल तोच आहे. १९९० नंतरच्या निर्बंधांच्या काळात सद्दामच्या राजवटीने भरमसाट आणि निकृष्ट छपाईच्या नोटा काढल्या. राजवट गेल्यावर १५ ऑक्टोबर २००३ ते १५ जानेवारी २००४ या तीन महिन्यांत त्या जमा करून नव्या दिनाराच्या नोटा दिल्या गेल्या. आज विकल्या जातात त्या या नव्या मालिकेतल्या. विकणारा सांगतो की २५,००० दिनारांची नोट आत्ता काही शे-हजार रुपयांत घ्या. उद्या इराक तीन शून्ये काढील, दिनार डॉलरच्या बरोबरीला येईल आणि तुमचे २५,००० डॉलर होतील. या बोलण्यात लबाडी कुठे आहे ते नीट पाहिले पाहिजे, कारण शून्ये काढण्याचा विचार इराकमध्ये खरोखर अनेकदा बोलून दाखवला गेला आहे. लबाडी अशी की शून्ये निघतात तेव्हा ती तुमच्या हातातल्या नोटेवरचीही निघतात. गजाऐवजी मीटरने मोजले म्हणून उल्हासनगरच्या गजानन मार्केटमधला कापडाचा तागा लांब होत नाही. इंडोनेशियाने डिसेंबर १९६५ मध्ये तीन शून्ये काढली तेव्हा हजार जुन्या रुपियांचा एक नवा रुपिया झाला. ब्राझीलने १ जुलै १९९४ रोजी ‘रेआल’ आणला तेव्हा २,७५० जुन्या क्रुझेरो रेआलचा एक रेआल झाला. हंगेरीने १ ऑगस्ट १९४६ रोजी फोरिंट आणला तेव्हा तर एका फोरिंटसाठी जुने पेंगो किती, हे लिहायला चारावर एकोणतीस शून्ये द्यावी लागली. जुनी नोट बाळगणारा यांपैकी कुठेही श्रीमंत झाला नाही. इराकी बँकेने उद्या तीन शून्ये काढली तर तुमच्या २५,००० च्या नोटेचे २५ नवे दिनार मिळतील, आणि त्यांची किंमत आदल्या दिवशी जेवढी होती तेवढीच राहील. २०२३ मध्ये ठरलेल्या डॉलरला १,३०० दिनार या अधिकृत दराने ती १९-२० डॉलर होते.

याला विक्रेते कुवेतचा दाखला देतात. १९९० मध्ये इराकने कुवेत घेतले, कुवेती दिनार कोसळला, सुटकेनंतर तो पूर्ववत झाला, तेव्हा ज्यांनी स्वस्तात घेतला ते तरले, असा युक्तिवाद. पण कुवेती दिनार आधीपासूनच भक्कम होता. त्याच्यावर आले होते ते युद्ध. बेसुमार छपाईने तो पडलेला नव्हता. शिवाय सुटका होताच मार्च १९९१ मध्ये कुवेतने नोटांची नवी मालिका काढली आणि लुटून नेलेल्या नोटा रद्द केल्या. म्हणजे कुवेतचे उदाहरण नीट वाचले तर ते विक्रेत्याच्या विरोधातच जाते: नोट काढणाऱ्याने जबाबदारी नाकारली की तुमच्या हाती कागद उरतो. यापलीकडे कायद्याचाही मुद्दा आहे. आपल्या परकीय चलन नियमांप्रमाणे भारतात राहणाऱ्या माणसाला चालू परकीय नोटा एकूण २,००० अमेरिकी डॉलरच्या किमतीपर्यंतच घरी ठेवता येतात, त्याही प्रवासातून उरलेल्या, भेट मिळालेल्या अशा ठरावीक मार्गांनी आलेल्या. त्या विकत घ्यायच्या तर परवानाधारक विनिमय केंद्रातूनच आणि पावती घेऊन. ओळखीच्या माणसाकडून लिफाफ्यात आलेला दिनार हा तोट्याचा सौदा तर आहेच, शिवाय तो नियमाबाहेरचाही आहे.

दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे. झिंबाब्वेची शंभर ट्रिलियन डॉलरची नोट, म्हणजे आपल्या हिशेबाने एक कोटी कोटी, जानेवारी २००९ मध्ये आली. फेब्रुवारीत तिथल्या चलनातून बारा शून्ये काढली गेली, लवकरच देश अमेरिकी डॉलर वापरू लागला आणि २०१५ मध्ये या नोटा अधिकृतपणे परत घेतल्या, तेव्हा तिचा मोबदला ४० अमेरिकी सेंट ठरला. ज्यांनी ती परत न करता ठेवली त्यांना संग्राहकांच्या बाजारात तिचे शेकडो पट मिळाले. मग नोट ठेवण्यात काय चुकले? चुकले काही नाही. फक्त त्यांनी ठेवलेली वस्तू तोवर पैसा राहिलेली नव्हती. तो संग्रहातला नमुना झाला होता, आणि नमुन्याचे नियम वेगळे. त्याची किंमत कोणतीही बँक देणे लागत नाही. दुसरा हौशी माणूस किती देईल, एवढेच त्याचे मोल. म्हणून अशी नोट हौसेने घ्यायला माझी हरकत नाही, मुलांना महागाई म्हणजे काय ते दाखवायला याहून चांगले साधन मिळणार नाही. पण मुलीच्या लग्नासाठी किंवा घराच्या हप्त्यासाठी बाजूला काढलेले पैसे त्यात घालू नयेत. हौसेची रक्कम आणि बचतीची रक्कम वेगवेगळी ठेवावी.

हौसेने घेताना काय पाहावे, हेही सांगतो. ऑनलाइन बाजारात ‘सोन्याच्या वर्खाची’ शंभर ट्रिलियनची नोट मिळते. ती नोटच नव्हे, शोभेची प्लास्टिकची पट्टी आहे. अस्सल नोट कागदी आहे, तिच्यावर एकमेकांवर तोललेल्या खडकांचे चित्र आहे, मागे धबधबा आणि रानम्हैस आहे, आणि क्रमांकाची सुरुवात सहसा इंग्रजी दोन ‘ए’ अक्षरांनी होते. जर्मन रेंटेनमार्क घेताना तारीख वाचावी. ‘महागाई संपवणारी १९२३ ची दुर्मीळ नोट’ म्हणून जी एक आणि दोन रेंटेनमार्कची नोट विकली जाते, तिच्यावर बहुतेक वेळा ३० जानेवारी १९३७ ही तारीख असते. ती सुधारणेनंतर तेराहून अधिक वर्षांनी काढलेल्या मालिकेतली आहे आणि मुबलक मिळते. १ नोव्हेंबर १९२३ ही तारीख असलेली नोट निराळी आणि तिची किंमतही निराळी. तसेच उल्हासनगरच्या काही जुन्या घरांत ‘गव्हर्न्मेंट ऑफ पाकिस्तान’ अशी अक्षरे असलेल्या भारतीय धाटणीच्या नोटा निघू शकतात. १ एप्रिल १९४८ पासून पाकिस्तानात चाललेल्या या नोटा महागाईशी संबंधित नाहीत, पण नियम त्यांनाही लागू: त्यांची देणेदारी पाकिस्तानकडे होती, म्हणून आपल्या बँकेत त्यांचे काही मिळणार नाही. संग्राहकाच्या दृष्टीने मात्र त्यांना मोल आहे, म्हणून जाणकाराला दाखवल्याशिवाय देऊन टाकू नयेत. नोटांची ओळख पटवायला डोळा तयार करायचा असेल तर फोर्टमध्ये रिझर्व्ह बँकेचे २००४ मध्ये सुरू झालेले नाणे-नोटा संग्रहालय आहे. जाण्याआधी वेळा विचारून घ्याव्यात.

आता घरच्या गुलाबी नोटेकडे वळू. २,००० रुपयांची नोट महागाईने चलन कोसळल्यावर आली असे कुणी म्हणाले तर ते चूक आहे. ऑक्टोबर २०१६ मध्ये किरकोळ महागाई ४.२ टक्के होती. ८ नोव्हेंबर २०१६ रोजी ५०० आणि १,००० च्या नोटा बाद झाल्या, चलनातले मूल्याने ८६ टक्के एका रात्रीत गेले आणि ती पोकळी झटपट भरायला मोठी नोट काढली गेली. महागाई बुडवते तेव्हा चलनाचे आकडे मोठे होतात, सुधारणा होते तेव्हा लहान. २,००० ची नोट यांपैकी कशातच बसत नाही. तरी माझ्या मुद्द्याचा सर्वात चांगला पुरावा तीच आहे. जुनी १,००० ची नोट आणि २,००० ची नोट, दोन्ही आज दुकानदार घेत नाहीत. पण पहिली आहे कागद आणि दुसरी आहे पैसा. जुन्या ५०० आणि १,००० च्या नोटांवरची रिझर्व्ह बँकेची देणेदारी २०१७ च्या कायद्याने संपली. २,००० ची नोट १९ मे २०२३ रोजी चलनातून काढून घेण्याचे ठरले, पण तिची कायदेशीर मान्यता ठेवली गेली. त्या दिवशी ३.५६ लाख कोटी रुपयांच्या नोटा बाहेर होत्या, त्यांपैकी ९८ टक्क्यांहून जास्त परत आल्या. उरलेल्यांत एखादी तुमच्या पोथीत, लग्नाच्या आहेराच्या पाकिटात किंवा आजीच्या डब्यात असेल.

ती सापडली तर काय करायचे? साध्या बँक शाखेत ७ ऑक्टोबर २०२३ पर्यंतच ती घेतली जात होती, त्यामुळे अंबरनाथच्या किंवा बदलापूरच्या शाखेत आता खेटे घालून उपयोग नाही. रिझर्व्ह बँकेची १९ कार्यालये ती घेतात आणि आपल्या भाग्याने त्यांतली दोन आवाक्यात आहेत, एक मुंबईत फोर्टला आणि दुसरे बेलापूरला. बेलापूरसाठी ठाण्याला उतरून पनवेलची गाडी धरायची. रोख बदलून घ्यायची तर एका वेळी २०,००० रुपयांची मर्यादा आहे; खात्यात जमा करायला ती मर्यादा नाही. ओळखपत्र, पॅन आणि खात्याचा तपशील न्यावा. ज्यांना जाणे जमत नाही त्यांना कुठल्याही टपाल कार्यालयातून या कार्यालयांकडे नोटा पाठवून रक्कम आपल्या खात्यात जमा करून घेता येते; घरातल्या वृद्धांसाठी हा मार्ग बरा. निघण्याआधी रिझर्व्ह बँकेच्या संकेतस्थळावर ताजी सूचना पाहून घ्यावी. मात्र ‘दीड हजार देतो, नोट मला दे’ म्हणणाऱ्याला ती देऊ नये. मध्यवर्ती बँक पूर्ण मोल द्यायला बांधील असताना पाचशे रुपये सोडायचे कारण नाही. वीस वर्षांनी संग्राहक जास्त देतील म्हणून ती ठेवावी का, असेही विचारले जाते. ही नोट कोट्यवधींनी छापली गेली होती. एखादी आठवण म्हणून ठेवा, गड्डी ठेवू नका.

जुन्या ५००-१,००० च्या नोटांबाबत जपून राहावे लागते. कायद्याप्रमाणे अशा एकूण दहापेक्षा जास्त नोटा बाळगता येत नाहीत. अभ्यास किंवा संग्रहासाठी ही मर्यादा २५ आहे. त्याहून जास्त सापडल्या तर १०,००० रुपये किंवा नोटांच्या दर्शनी मूल्याच्या पाचपट, यांतली जी रक्कम मोठी असेल तिथपर्यंत दंड होऊ शकतो. त्या ‘कमिशनवर बदलून देतो’ म्हणणारा माणूस तुम्हाला गुन्ह्यात ओढतो आहे हे ओळखावे. तसाच प्रकार ‘ट्रॅक्टरची पाच रुपयांची नोट द्या, पाच लाख घ्या’ या जाहिरातींचा. तिथे आधी नोंदणी शुल्क, मग कर, मग पाठवणीचा खर्च असे पैसे तुमच्याकडूनच काढले जातात आणि मध्ये कुठेतरी रिझर्व्ह बँकेचे बोधचिन्ह असलेले पत्र येते. रिझर्व्ह बँकेने ४ ऑगस्ट २०२१ रोजी जाहीर केले आहे की जुन्या नोटा-नाण्यांच्या अशा व्यवहारात ती पडत नाही, शुल्क मागत नाही आणि कुणाला तसा अधिकारही दिलेला नाही.

नोट ठेवायची ठरलीच तर ती चिकटपट्टीने जोडू नये, इस्त्री करू नये, लॅमिनेट तर मुळीच करू नये. संग्राहक अशी नोट घेत नाही. साध्या मऊ प्लास्टिकच्या पाकिटाऐवजी पॉलिएस्टरचे पाकीट वापरावे. उल्हास आणि वालधुनी नद्यांच्या काठी तळमजल्यावर राहणाऱ्यांनी ती वरच्या फळीवर ठेवावी; जुलै २००५ आणि जुलै २०१९ चे पाणी इथल्या लोकांना सांगायला नको. आणि नोटेच्या खरेदी-विक्रीत कुणी पैसे उकळलेच, तर लाजेपोटी गप्प न बसता लगेच १९३० या सायबर फसवणूक मदत क्रमांकावर फोन करावा. पहिल्या काही तासांत कळवले तर गेलेली रक्कम बँकेतच अडवली जाण्याची शक्यता सर्वात जास्त असते.